सहलीच्या फोटोतले पाय

मिस्त्री खरंच येणार नाही की काय, या एका विचाराने आईचा जीव आठवडाभर टांगणीला लागला होता. पुढच्या महिन्यात चार दिवसांची घरची सहल ठरत होती, आणि त्यासाठी लावलेल्या कागदावर तिच्या या मुलाने आपल्या गोल, शाळकरी अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'माझं तिकीट काढू नका.' खाली सही. आईला खरी धास्ती त्या सहीची होती. हा माणूस एरवी सही करतो ती लिफ्ट दुरुस्त झाल्यावर, 'चालू स्थितीत' असं लिहून. एकदा सही केली की ती बदलायला तो देवालाही देत नाही.

मिस्त्री हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते वडिलांनी ठेवलेलं. सहा वर्षांचा असताना त्याने घरातलं गजराचं घड्याळ खोललं आणि पुन्हा जोडलं, तर तीन चाकं उरली. घड्याळ मात्र टिकटिक चालू. वडील पोस्टात नोकरीला होते. त्यांनी ती तीन चाकं एका पाकिटात घातली, वर तारीख टाकली आणि म्हणाले, "हा मिस्त्री होणार. कंपनीने उगाच घातलेला माल ह्याने बाहेर काढलाय."

आता तो चाळिशीला टेकला होता आणि शहरातल्या अडतीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. त्या अडतीस इमारतींत त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये तो 'लिफ्टवाले'. दवाखान्यात कुणाला भेटायला जा, नाहीतर लग्नाला जा, हा आधी लिफ्टपाशी थांबणार आणि दाराला कान लावून ऐकणार. सुनेने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, एका कापडाच्या दुकानात, डोळे मिटून दाराला चिकटलेला. "मला वाटलं, बिचाऱ्याला ऐकायला कमी येतंय," ती अजून सांगते. "तरी हो म्हटलं."

सून शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. बाटल्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा, सगळं जिथल्या तिथे. सहा वर्षांत नवऱ्याने एक सुट्टी घेतली नाही म्हणून गेल्या वर्षी तिनेच सहल ठरवली, तळ्याकाठच्या पाच मजली हॉटेलात. मिस्त्रीचा कामाचा फोन त्याच्या सोबतच्या माणसाकडे सोपवला. हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकून शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. निघताना बॅगा तपासल्या. फक्त पोहायच्या टॉवेलची गुंडाळी तेवढी उलगडून बघायची राहिली.

पोचल्या पोचल्या सगळे लिफ्टमध्ये शिरले. तिसऱ्या मजल्यानंतर लिफ्टने असा हिसका दिला, की आईने भिंत धरली, नातीने आजीला धरलं आणि वडिलांनी खाऊची पिशवी. मिस्त्रीने डोळे मिटले.

"ऐकू नकोस," सून म्हणाली.

"नाही ऐकत."

"कान हलतायत तुझे."

"ते आपोआप हलतात."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे हसण्यावारी चाललं होतं. घोटाळा झाला तो संध्याकाळी, आणि तो आईने केला.

जादा पांघरूण मागायला ती चार मजले जिना उतरून खाली गेली. लिफ्टमध्ये पाय ठेवायची तिची हिंमत नव्हती. काउंटरवरचा मॅनेजर गोड बोलणारा. "मावशी, लिफ्ट असताना जिन्याने कशाला?" एवढंच त्याने विचारलं. आणि आईच्या तोंडून निघून गेलं, की बाबा रे, तुझी लिफ्ट हिसके देते, मला धडधडतं. आणि माझा मुलगा याच कामातला आहे बरं का, अडतीस इमारती बघतो, मोठमोठे लोक त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. त्याला एकदा दाखव, दहा मिनिटांत सांगेल. यात भीती दोन आणे होती आणि कौतुक चौदा आणे, हे तिचं तिलाही पहिल्या जिन्यावर परत चढताना कळलं. पण शब्द मागे घ्यायला पुन्हा कोण उतरणार? गुडघे दुखत होते.

सकाळी नाश्त्याच्या टेबलापाशी मॅनेजर हात जोडून उभा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक म्हातारं जोडपं. लिफ्टच्या कंपनीला फोन केला तर 'मंगळवारी माणूस पाठवतो' म्हणाले, आणि वार होता शुक्रवार. "साहेब, आपण लिफ्टचं काम करता असं कळलं..."

सुनेने हातातला टोस्ट खाली ठेवला. मिस्त्रीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग टोस्टकडे.

"दहा मिनिटं," तो म्हणाला आणि उठला. जाताना खोलीतून टॉवेलची गुंडाळी घेऊन गेला. तिच्यातून दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि तारेत वीज आहे का ते तपासायचं यंत्र निघालं.

म्हातारं जोडपं खरोखरच दहा मिनिटांत बाहेर आलं. पण त्या लिफ्टचा स्वभावच असा, की एका दुखण्याची विचारपूस केली की तिला दुसरं आठवायचं. दाराचा खटका साफ केला तर ब्रेक कुरकुरला. ब्रेक बसवला तर दिवे गेले. दुपारपर्यंत मिस्त्रीच्या नाकावर काळं ग्रीस होतं आणि तोंडावर असं समाधान, की सुनेने त्याच्या शर्टाला हात न लावता नुसतं विचारलं, "जेवायला येणार?" तो म्हणाला, "आलोच." तो आला रात्री. शनिवारी तेच. रविवारीही तेच. मधल्या काळात इतर पाहुण्यांना सुगावा लागला. एका बाईंनी केस वाळवायचं यंत्र आणून दिलं, एका गृहस्थांनी चावी अडकलेली बॅग. मॅनेजरने त्याच्यासाठी लिफ्टपाशी खुर्ची आणि पंखा मांडला.

बाकीचे तळ्यावर गेले. होडी पाच जणांची घेतलेली. पाचव्या जागेवर वडिलांनी खाऊची पिशवी बसवली आणि तिच्याशी दोन शब्द बोललेही, पण सून हसली नाही. नात आजोबांच्या फोनवर फोटो काढत सुटली. एकशे बारा फोटो निघाले. त्यांत तळं आहे, बदकं आहेत, आजोबांचं अर्धं टक्कल आहे. मिस्त्रीचा फोटो एकच, आणि त्यात त्याचे फक्त पाय, लिफ्टच्या दाराखालून बाहेर आलेले. पायांत पिवळे मोजे, बदकांची चित्रं असलेले. ते नातीने खास सहलीसाठी त्याला दिले होते.

रविवारी संध्याकाळी लिफ्ट लोण्यासारखी वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने पुष्पगुच्छ दिला आणि पुन्हा इथेच आल्यास वीस टक्के सवलत जाहीर केली.

"पुन्हा इथेच!" सून म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं, पाणी थांबलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिने एकच प्रश्न विचारला. "तू लिफ्टचं काम करतोस, हे त्यांना कुणी सांगितलं?"

मिस्त्री नखातलं ग्रीस कोरत राहिला.

"सुट्टीतसुद्धा बढाई मारल्याशिवाय राहवत नाही तुला?"

मिस्त्रीने दुसरं नख घेतलं. मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

सून रुसून बसणाऱ्यांतली नाही. प्रयोग फसला तर वही फाडायची नसते, कुठे फसला ते लिहायचं असतं, असं ती शाळेत मुलांना सांगते. यंदा सहलीचा विषय निघाल्यावर तिने आपल्या घरच्या फ्रीजवर एक मोठा कागद लावला आणि सगळ्यांना सांगितलं, गेल्या वेळी काय चुकलं आणि या वेळी काय करायचं ते ज्याने त्याने लिहा. पहिली ओळ तिची, 'बैठी घरं. जिनासुद्धा नको.' मग तशी जागा शोधून तिने तिथे फोन लावला. दिवे नीट आहेत का, नळ गळतात का, दारं कुरकुरतात का, पाण्याचा पंप कुठे असतो आणि आवाज करतो का. पलीकडचा माणूस शेवटी म्हणाला, "मॅडम, राहायला येताय की तपासणीला?"

वडिलांनी लिहिलं, 'नाश्ता होईपर्यंत प्रेक्षणीय काही दाखवू नये.' नातीने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'होडीत बाबा.' आई पेन घेऊन बराच वेळ फ्रीजसमोर उभी राहिली. खरं काय ते बोटांच्या टोकापर्यंत आलं, आणि तिने लिहिलं, 'शाली जास्त घ्याव्यात.'

त्याखाली मिस्त्रीची ती ओळ आणि ती सही.

सुनेने वाचलं आणि म्हणाली, "ठीक." तिचं 'ठीक' एकदा घरात आलं की मुक्कामाला राहतं. तिकिटं रविवारी संध्याकाळी सहाला काढायची ठरली. चार.

रविवारी दुपारी आईने मिस्त्रीला आपल्या घरी बोलावून घेतलं. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणाली.

"परवापर्यंत तर चांगला होता," वडील पेपरमागून म्हणाले.

"तुम्ही वाचा हो गपचूप."

मिस्त्रीने नळ खोलला आणि आतली रबराची चकती उजेडात धरली. "आई, ही उलटी कुणी बसवली?"

"नळ जुना झालाय."

"नळाला हात नसतात, आई."

वडिलांचा पेपर हलायला लागला. हसताना त्यांचा पेपर नेहमीच आधी हलतो. आईने हात पदराला पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. "अरे, तुला एक सांगायचंय. त्या मॅनेजरला मी..."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं. 'आपल्या मातोश्रींनी फार कौतुक केलं.' अडतीस इमारती पाठ होत्या त्याला."

आई मटकन स्टुलावर बसली. "आणि वर्षभर तू बोलला नाहीस? ती बढाईखोर म्हणाली तुला. माझ्यासमोर म्हणाली!"

"मग काय, तुझं नाव सांगू? तुझ्यावर आलं असतं सगळं. तू पुढच्या सहलीला आली नसतीस. आणि आजी नाही म्हटल्यावर पोरगी कुठे निघते?"

"म्हणून तू नाही यायचंस?"

मिस्त्रीने चकती सरळ केली, बसवली, नळ आवळला. पाणी सोडून पाहिलं, बंद केलं. एक थेंब नाही. तो नळाकडेच बघत बोलला.

"तसं नाही गं. दहा मिनिटं तुझी होती. पुढचे तीन दिवस माझे. म्हातारा-म्हातारी बाहेर आल्यावर मी हात धुऊन टेबलावर येऊ शकत होतो. नाही आलो. मला तिथे मजा येत होती, आई. तळ्यावर आली नसती तेवढी. मग कशाला जायचं? मी गेलो की काहीतरी बिघडलेलं सापडणार, मी तिथेच बसणार, आणि ती पुन्हा रडणार. त्यापेक्षा त्या मजेत जाऊ देत."

"पोरीने काय लिहिलंय ते वाचलंस का कागदावर?"

"वाचलं," तो म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. भरता भरता पँटचा पाय वर सरकला. आत पिवळे मोजे होते. टाचेला विरलेले, बदकाचं एक डोकं गेलेलं.

तो गेला तेव्हा पावणेसहा वाजले होते. आई फोनसमोर येऊन उभी राहिली. काय म्हणेल सून? वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलात आणि शाली लिहिल्यात, म्हणेल. म्हणू दे. आईंना रिसेप्शनच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, असं कागदावर लिहील. लिहू दे, आपणच सांगू लिहायला. शिवाय हेही सांगायचं, की त्या माणसाला रोज एक तास काहीतरी बिघडलेलं द्यायचं, घरूनच न्यायचं. हवं तर गजराचं ते जुनं घड्याळ, तीन चाकांच्या पाकिटासकट. तास संपला की होडी. हात असे सक्तीने रिकामे ठेवले म्हणूनच तर टॉवेलमध्ये पक्कड लपवावी लागली त्याला. आणि तिकिटं पाच.

"अहो, माझा चष्मा द्या. सुनेला फोन लावतेय."

वडिलांनी पेपर खाली केला. चष्मा दिला. घड्याळाकडे पाहिलं. "सहाला तिकिटं काढणार आहे ती. दहा मिनिटांत आटपेल ना?"

"आटपायलाच हवं," आई म्हणाली. "तेवढीच माझी आहेत."

आणि तिने नंबर लावला.