मावशीची हातोडी

सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. सख्खा भाचा मात्र एकच. नवरा गेल्यावर बूट-दुरुस्तीचं दुकान तिने अंगावर घेतलं आणि बावीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकली: माणूस तोंडाने काहीही सांगेल, बुटाचा तळ खोटं बोलत नाही. वजन कमी करायला निघालेली बाई खरंच चार मैल चालते की कोपऱ्यावरच्या बाकावर बसून येते, हे मावशीला डॉक्टरच्या आधी कळायचं. विश्वास ठेवायचा तर कुलपावर, तोही दोनदा ओढून बघून.

भाचा एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला आणि आठ महिन्यांनी पंधरा दिवसांच्या रजेवर आला. आल्या आल्या बूट तिच्यापुढे ठेवले. "तळ बदल गं. परत जाताना लष्कराचा डॉक्टर तपासतो, 'ठीक आहेस ना' विचारतो, मी 'हो' म्हणतो, की शिक्का."

"आणि लढाई?"

"कसली लढाई! मी भटारखान्यात. बटाटे सोलून अंगठा झिजला." तो हसला. जरा जास्तच हसला. मावशीने अंगठा बघून घेतला. चांगला धडधाकट होता.

तिसऱ्या दिवशी हातोडी गायब झाली.

पहिला संशय अर्थातच शेजारच्या घड्याळवाल्यावर. "काका, माझी हातोडी दिसली का?"

"मावशी, मी घड्याळाला हातोडी मारली तर गिऱ्हाईक मला मारेल."

"मी आपलं विचारलं."

"तू विचारत नाहीस, झडती घेतेस."

मग मनात पाल चुकचुकली. उरला कोण? पोरगा दुकान उघडलं की बाहेर पडायचा, बंद झालं की यायचा. कुठे होतास, तर मित्राकडे. आणि त्या मित्राला गाव सोडून वर्ष झालेलं. व्यसन लागलं तर माणूस दाराच्या कड्याही विकतो, हातोडीचं काय घेऊन बसलात.

तिने गुपचूप नवी हातोडी आणली. तो मागच्या खोलीत जेवायला बसला तेव्हा मधलं दार उघडं ठेवलं, त्याच्यावर नजर ठेवली आणि एका जुन्या टाचेवर दणका हाणला. चोराच्या मनात चांदणं, चेहरा बोलेलच.

चेहरा दिसलाच नाही. ताट उपडं, खुर्ची रिकामी. भाचा टेबलाखाली, दोन्ही हात मानेवर गच्च.

"काय करतोयस रे?"

टेबलाखालून आवाज आला. "बटण पडलं. शोधतोय."

शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी होती.

"सापडेल. सावकाश शोध," मावशी म्हणाली. तिने नवी हातोडी फडक्यात गुंडाळली.

मग तिने ते बूट उलटे केले. चालणाऱ्याची टाच झिजते, भटारखान्यात उभं राहणाऱ्याचा सगळा तळ. इथे टाचा जवळजवळ कोऱ्या, आणि चवड्यांची टोकं पार खरवडून गेलेली. असं झिजलेलं तिने आजवर फक्त रांगत्या पोरांच्या बुटांवर पाहिलं होतं.

शनिवारी त्याची रजा संपली. बूट तसेच पिशवीत घालून मावशीने दुकान बंद केलं. "काका, लक्ष ठेवा."

"आता माझ्यावर विश्वास बसला?"

"अर्धा."

वाटेत भाचा पिशवीकडे बघत होता. "दुरुस्त का नाही केलेस?"

"डॉक्टरला दाखवायचेत."

"तो पायांचा डॉक्टर नाही, मावशी."

"मलाही पायांचा नकोय."

लष्कराच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बराच वेळ गुडघे हलवत बसला. मग स्वतःच्या सामानातून स्वेटरमध्ये गुंडाळलेली जुनी हातोडी काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवली. आतून त्याला हाक आली. उठताना त्याने बुटांची पिशवी तिच्या हातातून घेतली आणि आत गेला.