आठ अधिक सात

वाशीजवळच्या खेड्यातल्या आमच्या शाळेत मी मुलांना कॉम्प्युटरवर बेरजेची कार्डं सोडवायला बसवते, तेव्हा शेळ्या राखणारी एक मावशी खिडकीशी येऊन थांबते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. काठी काखेत धरून ती पडद्याकडं बघते, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत राहते. उत्तर बरोबर येऊन कार्ड हिरवं झालं की मुलांआधी तीच हसते.

परवा एक मुलगी 'आठ अधिक सात'ला चारदा चुकली. माझा आवाज चढला, पोरगी रडकुंडीला आली.

खिडकीतून मावशी म्हणाली, "बाई, तुमचं यंतर लई सोशीक हाय बगा. पोरगी चारदा चुकली, तरी न चिडता परत इचारतंय. आमच्या गुरुजीनं मला एकदाच इचारलं, मग छडीच. दुसऱ्या दिशीपासनं म्या शेळ्यांमागं."

खुर्ची ओढून मी मुलीशेजारी बसले आणि हळू आवाजात विचारलं, "आठ अधिक सात किती गं?"

मुलगी अजून बोटं मोजत होती.

"पंधरा व्हय, बाई?" खिडकीतून आवाज आला.