इन्फीरियरचा अंगठा

"इन्फीरियर सही करत नसतो."

हेडक्लार्क एवढंच म्हणाले आणि माझ्या सहीवर त्यांनी लाल शाईची रेघ ओढली. ती सही मी घरी पाटीवर कितीदा तरी गिरवली होती. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून तो माझा पहिला दिवस. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झालेली. मी सातवी पास.

"साहेब, मला लिहिता येतं."

"येत असेल. इथं लागत नाही. डावा हात."

माझा अंगठा त्यांनी पट्टीच्या टोकानं शाईच्या गादीवर दाबला. हातानं नाही. पट्टीनं. मग कागदावर दाबला. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "सातवी पास अंगठा आहे हो, जपून." सगळे हसले.

शाई पुसायचा बोळा टेबलावर होता. तो कुणी दिला नाही. दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिपायानं खूण केली, डोक्याला पूस. मी केसांना अंगठा पुसला.

तो शिपाई म्हणजे धर्मादादा. ठाण्याजवळच्या बाळकुमचा. तरुणपणी मिठागरात राबलेला, मिठानं पाय कायमचे फुटलेले. मी त्याला विचारलं, इन्फीरियर म्हणजे काय?

"माझा बापपण हितंच व्हता. त्याच्या कागदावर मीनियल लिवलेलं. माझ्या कागदावर इन्फीरियर. तवाचा साहेब बोलला, ह्यो शब्द जरा बरा हाय."

"पण म्हणजे काय?"

"म्हंजी खुर्चीवर बसायचं नाय."

पुढं वाचनालयातल्या डिक्शनरीत मी दोन्ही शब्द काढले. मीनियलचा जुना अर्थ, घरातला माणूस. इन्फीरियरचा जुना अर्थ नुसता खालचा. खालची पायरी असते तसा. जन्मतः दोन्हींत शिवी नव्हती. वापरणाऱ्यांनी ती भरली.

धर्मादादा एक दिवस म्हणाला, "मना माझा नाव लिवायला शिकव." दुपारच्या सुट्टीत, जुन्या पाकिटांच्या पाठीवर, आम्ही बसलो. रफार त्याच्या हातात येईना. एका पावसाळ्यात सुरू केलेलं नाव त्याला दुसऱ्या पावसाळ्यात लिहिता आलं. त्या दिवशी त्यानं ते आपल्या कचेरीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला लिहिलं. कुणाला दिसू नये असं.

मी बाहेरून मॅट्रिक झालो. खात्याची परीक्षा दिली. कारकून झालो. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, बसा." ‘अहो.’ तेवढ्यावर मी विकला गेलो.

मग वरून हुकूम आला. इन्फीरियर हा शब्द काढून टाका, क्लास फोर लिहा. सगळ्या शिपायांचे कागद नव्यानं भरायचे. काम माझ्याकडे.

धर्मादादा पहिला आला. धुतलेला सदरा घालून. "शब्द बदलला ना रं? आता मी सही करतो." त्यानं माझ्या टेबलावरचा टाक उचलला. हेडक्लार्क आपल्या खुर्चीतून बघत होते. नुसते बघत होते.

मी त्याच्या हातातून टाक काढून घेतला.

"धर्मा, अंगठा."

दादा म्हटलं नाही.

"अरं, तूच तर शिकवलंस मना."

मी पट्टी उचलली. तीच पट्टी.

त्यानं शाई डोक्याला पुसली. त्याचे केस पांढरे होते, डाग दिसला. कारकून हसले. मीही हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी हसलो.

तो निवृत्त झाला त्या दिवशी बाहेरगावचा एक कारकून कागद घेऊन आला होता. त्यानं सरळ टाक पुढं केला. "इथं सही करा, बाबा." धर्मादादानं डावा अंगठा पुढं केला. म्हणाला, "मना लिवता येत नाय." मी दोन हात अंतरावर उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्याच्या जागी नवा शिपाई आला. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, अंगठा घ्या याचा." त्या दिवशी मी तो छापील फॉर्म पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. तळाला बारीक इंग्रजीत होतं, सही. लिहिता येत नसेल तरच अंगठा.

मी फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला. "साहेब, इथं सही लिहिलंय."

"ठाऊक आहे. वीस वर्षं ठाऊक आहे."

"मग?"

"शिपाई आज सही करतो, उद्या खुर्ची मागतो. तुम्ही नाही का मागितलीत?"

मी शाईची गादी उचलली आणि खिडकीतून बाहेर फेकली. टाक नव्या शिपायाच्या हातात दिला. "सही करा." त्यानं केली.

"अरे, जागा विसरलास तू तुझी!" हेडक्लार्क ओरडले. ‘अहो’ संपलं. तिसऱ्या दिवशी माझी कल्याणला बदली झाली.

लोक याला माझं बंड म्हणतात. म्हणू नये. तळाची ती ओळ धर्मादादाच्या फॉर्मवरही होती. तेव्हा मला इंग्रजी येत होतं. मी वाचली नाही, कारण मला वाचायची नव्हती.

क्लास फोरचं पुढं चतुर्थ श्रेणी झालं, मग गट ड झालं. अजून कुणाला खुर्ची देत नाहीत.

आता निवृत्तांचं मंडळ माझा सत्कार करणार आहे. शिपायाचा अधिकारी झालेला माणूस म्हणून. त्यांनी माझ्या जीवनाची माहिती लिहून मागितली. ती ही. व्यासपीठावर मी हीच वाचणार, पहिल्या ओळीपासून, हसलो तिथंही न थांबता. त्याचं पूर्ण नाव धर्मा बाळू म्हात्रे. त्याला लिहिता येत होतं. हातातला टाक मी काढून घेतला.

शाल आणू नका. मी घेणार नाही.