जमीर केबलवाल्याने सांगितलेली सिरियल

बोरी अरबात जमीरला लोक आजही केबलवालाच म्हणतात. केबल बंद होऊन सात-आठ वर्षं झाली. आता त्याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. कव्हर विकतो, काचा लावून देतो, कुणाचा फॉर्म ऑनलाइन भरून देतो. पण पन्नाशीच्या पुढची एखादी बाई दुकानात आली की काम झाल्यावरही निघत नाही. म्हणते, "जमीरभाऊ, ते बंगलेवाल्यायची सिरियल आठवते का?" मग जमीर हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी साडेसहाला लाइन जायची ती नऊच्या पुढे यायची, आणि लाइन होती तोवर रोज बघून सगळ्या गावाचा जीव ज्या सिरियलमध्ये अडकला होता ती लागायची साडेसातला. दुपारी पुन्हा दाखवायचे, पण दुपारी बाया कापूस वेचायला रानात. जमीरच्या घरामागच्या खोलीत मात्र इन्व्हर्टर होता आणि एक बारका टीव्ही होता. सिग्नल नीट आहे का ते बघायला त्याला तिथे बसावंच लागे. म्हणजे अख्ख्या गावात ती सिरियल बघणारा तो एकटाच.

सिरियल एका मिलमालकाच्या घराची. सोफे, झुंबरं, दारात चार गाड्या, आणि घरात कुणाचं कुणाशी पटत नाही. थोरली सून सासऱ्याच्या औषधाच्या गोळ्या बदलायची, मधला मुलगा बापावरच वकील लावायचा. दागिने घालून झोपणाऱ्या त्या बायकांचं गावाला भारी नवल. पहिल्यांदा एका घरी कुणीतरी सहज विचारलं, काल काय झालं, आणि जमीरने उभ्या उभ्या सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या घरापुढे चार बाया होत्या. महिन्याभरात असं झालं, की सकाळी वायरी बघायला तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला की ओट्यावर चहा तयार असायचा. शिडी भिंतीला लागायची आणि गोष्ट सुरू व्हायची. जमीर आवाज काढायचा, थोरल्या सुनेसारखी मान उडवायचा. फरहाना, त्याची बायको, म्हणायची की घरात दोन वाक्यं बोलत नाही आणि गल्लीत तास तास बोलतोस.

खरं तर तो फार बोलका माणूस नव्हताच. लहानपणापासून अडखळत बोलायचा. गोष्ट सांगताना मात्र अडखळायचा नाही; का, ते त्यालाही कळलं नव्हतं.

त्याच्या रोजच्या वाटेवरच्या एका गल्लीत कांताबाई राहायची. विधवा, कामाला वाघीण. तिच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, तिचा सख्खा धाकटा भाऊ उकंडा. दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. बाप गेल्यावर कांताबाईने तालुक्याला, दारव्ह्याला जाऊन शेतातला वाटा भावाला सोडल्याच्या कागदावर, हक्कसोडीवर, राजीखुशीने अंगठा दिला होता. शेत गेल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण पुढच्याच उन्हाळ्यात उकंडाने पोरीचं लग्न काढलं आणि बहिणीला बोलावण्याची अक्षत दिली नाही. समोर मांडव पडला, वाजंत्री वाजली, आणि कांताबाई दार लावून घरात बसली. तेव्हापासून दार उघडलं तरी नजर वर होत नव्हती.

सिरियलमध्येही भावा-बहिणीचंच आलं. तिन्ही भावांनी आजारी बापाच्या नावाखाली बहिणीची कागदावर सही घेतली, मिल आणि बंगला वाटून घेतला. ती जाब विचारायला आली, तर थोरल्या भावाने चौकीदाराकरवी तिला फाटकाबाहेर काढलं.

दुसऱ्या सकाळी जमीर कांताबाईच्या ओट्यापाशी पोचला. पाच-सहा बाया बसल्या होत्या. तो सांगत सांगत फाटकापर्यंत आला आणि त्याची नजर कांताबाईकडे गेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. चौकीदाराचं त्याने गाळलं. मग त्याच्या तोंडून भलतंच निघालं. तो म्हणाला, बहीण आपल्या घरी परत गेली, आणि संध्याकाळी भाऊच तिच्या दारात आला.

"मंग? काय म्हनला तो?" कांताबाईने विचारलं.

"काही नाही म्हनला. उंबऱ्यावर बसला. पानी मागितलं."

"तिनं देल्लं का?"

"तिथंच संपलं, मावशी. आता उद्या."

शिडी उचलून तो समोर गेला. उकंडाची बायको दारात उभी होती. तिलाही रोज गोष्ट लागायची. तिला एक आणि समोर दुसरंच सांगणं बरं नव्हतं. तिलाही त्याने तेच सांगितलं. आत उकंडा दाढी करत होता. त्याचा हात थांबलेला जमीरला आरशात दिसला.

दिवसभर त्याला चैन पडलं नाही. आपण खोटं बोललो, हे त्याला खात होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडायच्या आत कांताबाईच म्हणाली, "देल्लं असन तिनं. पान्याले कोनी नाही म्हनत नाही."

जमीरने 'हो' म्हणून मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी, उकंडा गल्ली ओलांडून आला. जमीर तेव्हा खांबावर होता, त्याने वरून पाहिलं. उकंडा उंबऱ्यावर बसला. कांताबाईने तांब्या आणून ठेवला आणि आत निघून गेली. तो पाणी पिऊन उठला. शेत काही परत आलं नाही, कुणी मागितलंही नाही. पण त्या वर्षी भाऊबीजेला कांताबाई ताट घेऊन समोर गेली.

नंतर एकदा उकंडाची लेक दारव्ह्याहून माहेरी आली. तिकडे लाइन राहायची, तिने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. चौकीदाराची गोष्ट तिने आत्याला सांगितली. कांताबाईने जमीरला हाक मारली. तो खाली मान घालून उभा राहिला.

"चुकलं, मावशी."

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "एवढा मोठा मिलवाला उंबऱ्यावर कायले बसन? तो तं सोफ्यावर बसते. चाय घे."

पुढे ती सिरियल मध्येच बंद पडली. गावाला पत्ता लागू न देता जमीरने ती आणखी पंधरा दिवस चालवली. थोरल्या सुनेला त्याने काशीला पाठवलं आणि म्हाताऱ्या मिलमालकाला नातवाच्या हातचं वरण-भात खाऊ घातला. मग लाइन राहू लागली, घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या, आणि एका सकाळी शिडी घेऊन निघालेल्या जमीरला कुणी थांबवलं नाही.

आता रात्रीच्या जेवणानंतर त्याची लेक गझाला कानात इअरफोन घालून मोबाइलवर कुठल्याशा श्रीमंत घराची भांडणं बघते. जमीर विचारतो, काय चाललंय त्यात. ती म्हणते, अब्बा, लिंक पाठवते, तुम्हीच बघा. तो हसून नको म्हणतो. बघायची हौस त्याला कधीच नव्हती.