वाद्याला पाय लावायचा नाय

आमच्या ह्यांच्यासारखा हट्टी माणूस अख्ख्या पळसदरीत शोधून सापडायचा नाय. बैल परवडला, त्याची निदान शेपूट तरी पिळता येते.

हे भातशेती करतात, नि लगीनसराई आली की कोंडाजीच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवतात. उभ्यानं वाजवतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची नि उजव्या हातानं तार छेडायची. खरी कमाल उजव्या करंगळीची. तार छेडली की करंगळीनं आवाजाचं बटण हळूच फिरवायचं. सूर आधी ऐकूच येत नाय, मग हुंदका दाटावा तसा वर येतो. नवरीला हळद लागताना ह्यांनी तो सूर काढला की मांडवातल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या.

गेल्या भातकापणीत करंगळीवर विळा बसला. जखम भरली, पण करंगळी वाकायची बंद झाली. बटण फिरेना, गिटार नुसती टणटण वाजायला लागली. ह्यांनी ती चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. कोंडाजीनं कीबोर्डवाला बघून ठेवला. मला सगळ्यात जास्त लागलं ते रुचितापायी. रुचिता माझ्या दिराची पोर. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, म्हणून माझ्याच कडेवर वाढली. "काका, माझ्या हळदीला तुमीच वाजवायचं," असं ती शाळेत असल्यापासून म्हणायची, नि ह्यांनी तिला शब्द दिलेला. आता माघात तिचं लगीन ठरलं, तर हे म्हणतात, "कोंडाजीला सांग, कीबोर्डवाल्याला घेऊन ये."

"पोरीला दिलेला शब्द मोडता काय?" मी म्हटलं.

मग आमची लेक सुप्रिया कर्जतहून एक वस्तू घेऊन आली. चपलेएवढं लोखंडी पेडल. गिटारीची वायर ह्यात घालायची, ह्यातून पुढं स्पीकरला. पायानं पुढं दाबलं की आवाज चढतो, मागं दाबलं की उतरतो. मुद्दाम बॅटरीवरचं आणलं, कारण विजेवरचं असतं तर मांडवातल्या जनरेटरची घरघर गिटारीत शिरली असती. मी खूश! करंगळीचं काम आता पाय करणार.

ह्यांनी पाय झटकन मागं घेतला. "वाद्याला पाय लावू? नाय जमायचं."

"बाबा, हे वाद्य नाय, मशीन हाय," सुप्रिया म्हणाली.

"सूर ह्याच्यातनंच जातो ना? मग वाद्यच."

कपाळ माझं! लेक रडकुंडीला आली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बरं, पाय नको ना? मी हातानं दाबते. तुमी वाजवा."

सराव कसला, तमाशा नुसता. हे खुर्चीवर, मी जमिनीवर फतकल मारून. मी आवाज चढवेपर्यंत ह्यांचा सूर संपलेला असायचा. "अगं, भात कांडतेस काय?" हे ओरडायचे. "मग लावा की पाय!" मी ओरडायची. पण हळूहळू जमलं. इतकी वर्षं ऐकतेय, सूर कुठं उठायचा हे माझ्या कानाला ठाऊक. वायर तशीच राहिली तर बॅटरी उतरते, असं सुप्रियानं सांगितलेलं. तर सराव संपला की हेच आठवणीनं वायर उपसायचे, पेडल पंच्यानं पुसून ठेवायचे. मला हसू यायचं.

हळदीच्या संध्याकाळी मी नवी साडी नेसून ह्यांच्या पायाशी बसले, हात पेडलवर. बाया खिदळल्या, "मैनाबाई, नवऱ्याचे पाय चेपताय काय?" चेपते, तुमाला काय त्याचं! रुचिता पाटावर बसली. ह्यांनी कांडी सरकवली, मी पेडल दाबलं, नि तो सूर उठला. खिदळणाऱ्या बायांनी डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात हाक आली, "नवरीच्या आईच्या जागी कोण? पहिली हळद लावायला या!"

पहिली हळद माझीच, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सरावाच्या नादात आमा दोघांनाच ते सुचलं नव्हतं. मी उठले तर गिटार मुकी. नाय उठले तर पोरीला आईची हळद नाय. रुचिता मान वळवून माझीच वाट बघत होती. मी ह्यांच्याकडं बघितलं.

ह्यांनी वाजवायचं थांबवलं. चपला बाजूला सारल्या. वाकून पेडलला हात लावला, तो कपाळाला लावला.

"जा गं," म्हणाले. "पोर खोळंबली हाय."

मी पाटापाशी पोचेस्तोवर मागं सगळं शांत. वाटीत हात बुडवला, रुचिताच्या गालाला हळद लावली, तेव्हा मागनं सूर उठला. माझ्या हातानं तो इतका सावकाश कधीच उठला नव्हता. करंगळी धड होती तेव्हाही नाय. रुचिता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, नवी साडी पिवळी झाली, नि मीपण रडले, खोटं कशाला बोलू.

"मैनाबाई, सरका आता," मागच्या बाया म्हणाल्या. "आमालाबी हळद लावू द्या."

सूर संपेपर्यंत मी सरकले नाय.