राउटरची पूजा

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा चुकवायची नाही, असा शुभांगीचा शिरस्ता होता. विळा, शिलाई मशीन, साखर कारखान्यात फिटर असलेल्या नवऱ्याचे, गोरक्षनाथचे पाने, सगळं तिने पाटावर मांडलं. लेक वृषाली शेजारी सोनं द्यायला गेली होती. तिची हत्यारं तेवढी कशी सोडायची?

ती हत्यारं माडीवरच्या खोलीत होती. वृषालीने पुण्यातली नोकरी सोडून जुन्या बाजारातून सरावासाठी राउटर आणि स्विच आणले होते. बंगळूरला आठ तासांची परीक्षा, तिथे अख्खं नेटवर्क एकटीने उभं करायचं. दोनदा ती नापास झाली होती. ही तिसरी खेप.

शुभांगीने धूळ पुसायला एक केबल उपसली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दोन ओले दाणे नेमके केबलच्या त्या उघड्या खाचेत, पोर्टमध्ये गेले. तिने बांगडीतली पिन काढून ते उकरले. आतली बारीक तार वाकल्यासारखी वाटली. तिने केबल पुन्हा खोचली आणि गुपचूप खाली आली.

दुसऱ्या दिवसापासून वृषालीचं नेटवर्क मध्येच जोडलं जाई, मध्येच तुटे.

"वायरमन बोलवू का गं?" गोरक्षनाथने जेवताना चिडवलं.

"पप्पा, हा तुमचा बॉयलर नाही."

तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच विचारलं, तर वृषाली अर्धी भाकरी टाकून उठली. शुभांगी सगळं सांगणारच होती. पण परीक्षा दहा दिवसांवर, आत्ता कशाला डोक्याला ताप, असं स्वतःला समजावत तिने ताटं उचलली. खरं तर ती लेकीच्या रागाला भीत होती.

दुपारी ती चहा घेऊन वर गेली. वृषाली परीक्षेची तारीख पुढे ढकलायचा अर्ज भरत होती.

"मला हे जमणार नाही, आई. सगळ्या कमांड बरोबर लिहिल्यात, दहा वेळा तपासल्या. तरी चालत नाही. म्हणजे मलाच काही कळत नाही."

"कळतं तुला," शुभांगी म्हणाली. "मी बिघडवलंय ते." आणि दाण्यांपासून पिनेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

वृषालीने मोबाईलचा उजेड पोर्टमध्ये पाडला. मग केबल काढून शेजारच्या पोर्टमध्ये घातली. हिरवा दिवा लागला, तो लागूनच राहिला.

"तीन दिवस, आई. पूजा केलीस त्याचं काही नाही. मी रडत होते आणि तू खाली भाकरी थापत होतीस."

शुभांगीने पुढे केलेला चहा वृषालीने बाजूला सारला.

"आता परीक्षेत काही अडलं, की मी आधी स्वतःलाच मूर्ख ठरवणार. ती सवय कशी काढू?"

तिने अर्ज बंद केला. तारीख तीच ठेवली. घड्याळ लावलं आणि पहिल्यापासून सराव सुरू केला.

"मी थांबू का इथे?" शुभांगीने विचारलं.

"नको."

शुभांगी जिना उतरली. वरून कळफलकाचा आवाज येत होता. तो थांबला की तिचा श्वासही थांबे.