फुकटच्या मास्तरला हूं

आमच्याकडं गोष्ट सांगणारा एकटा कधी सांगत नाही. समोरच्यानं मधे मधे हूं म्हणायचं असतं. हूं आला नाही तर सांगणारा थांबतो, आणि अर्धी राहिलेली गोष्ट रानात वाट चुकते, असं जुनी माणसं म्हणायची.

आमच्या म्हातारीनं मला संसारभर हूं दिला. ऐकायची असं नाही. भाकरी थापताना हूं, ज्वारी पाखडताना हूं. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "आज आपला बोकड विहिरीच्या काठावर बसून बिडी ओढत होता." तरी हूं.

ती मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून माझं बोलणं निम्म्यात तुटतं. तोंड उघडतो, चार शब्द बाहेर पडतात आणि पुढं काही येत नाही. शेळ्यांशी बोलून पाहिलं. शेळी तोंडाकडं बघते, पण हूं देत नाही.

घरात आता मुलगा, सून आणि नात. नात कॉलेजात गणित शिकते. दुसऱ्या वर्षाला एका पेपरात ती अडकली. मुलगा जेवता जेवता म्हणाला, "या टायमाला निघाली तर शिक. न्हाई तर गेवराईकडचं स्थळ आलंय, उरकून टाकू." मुलगा वाईट नाही, पण बोलला की बोलला. नातीनं ताटातला घास ताटातच ठेवला. म्हातारी असती तर तिनं पोराला दोन दिवस कोरड्यास वाढलं नसतं. मला तसलं जमत नाही.

शहरात शिकवणी लावण्यासारखं आमचं काही नव्हतं. नातीनं मोबाईलवर मास्तर शोधला. गावात रेंज नाही, वर माळावर लिंबाखाली येते. म्हणून ती माझ्याबरोबर शेळ्यांमागं यायला लागली.

"ह्यो मास्तर कुठला?" मी विचारलं.

"लई लांबचा हाय आबा."

"घेतो किती?"

"काई न्हाई. फुकट हाय. पुस्तक बी फुकट, सरावाची गणितं बी फुकट. कुणी बी बघावं."

"कावून?"

"कावून म्हंजे? लोकांनी शिकावं म्हणून."

"आपल्याकडं फुकट नुसती शिवी मिळती," मी म्हणालो.

पण मास्तर खरंच भला दिसला. फळ्यावर लिहायचा, पुसायचा, हात हलवून हलवून सांगायचा. घसा सुकला तरी सांगायचा. आणि समोरून एक शब्द नाही. नात वहीत खाली मान घालून बसलेली. माणूस पैसा घेत नाही, चहा घेत नाही, एवढ्या लांबून बोलतोय, आणि त्याला साधा हूं मिळू नये हे मला बघवेना. मी हूं म्हणालो.

"आबा, त्यांना ऐकू जात न्हाई."

"न जाऊ दे. आपलं आपण द्यावं."

मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. दुसरीतून बापानं मेंढरांमागं लावला, तिथंच माझी शाळा सुटली. पण हूं द्यायला कळावं लागत नाही. सांगणारा श्वास घेतो तिथं द्यायचा असतो.

एक दिवस एक पाट, अजून न व्यालेली शेळी, कुणाच्या कपाशीत घुसली म्हणून मी धावलो. परत आलो तर नातीनं मास्तर बंद करून ठेवलेला.

"काय झालं?"

"तुमी गेलात आन् माझं टाळकंच चालंना."

पुढं तर ती मोबाईल बाजूला ठेवून स्वतःच बोलायला लागली. "समजा, एप्सिलॉन शून्याहून मोठा हाय."

"हूं."

"मग त्याच्यासाठी एक डेल्टा सापडतो."

"हूं."

"कावून सापडतो?"

"हूं."

"आबा, ह्यो प्रश्न हाय."

"मग उत्तर दे की. म्या हूं धरलाय."

परीक्षेला जाताना ती हसत म्हणाली, "तितं मला हूं कोण देणार?" तिनं चेष्टा केली. मला चेष्टा वाटली नाही. शेळ्या सुनेच्या गळ्यात घातल्या आणि मागच्या बसनं गेलो.

नात खिडकीजवळच बसलेली. मी बाहेर भिंतीला टेकून सावलीत उभा राहिलो आणि श्वासाचा अंदाज धरून हूं द्यायला लागलो. लई मोठा नाही, विहिरीत घागर बुडते तेवढा.

बरं चाललं होतं. तेवढ्यात भरारी पथकाची जीप आली. पथकाचा साहेब उतरला तो सरळ माझ्याकडं.

"काय बे म्हाताऱ्या, काय चाललंय?"

"हूं देतोय."

"कुणाला?"

"नातीला."

त्यानं माझा पटका सोडून झटकला. तंबाखूची पिशवी उलटी केली. चिठ्ठी निघाली नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एका हूंचं उत्तर कोणतं अन् दोन हूंचं कोणतं?"

"हूं एकच असतो साहेब. दोन दिले तर समोरच्याला वाटतं, लवकर आटप म्हणतोय."

"पोरगी कोणती ते दाखव. पेपर काढून घेतो तिचा."

तेव्हा मला कळलं. पोरीचं लग्न मुलगा लावत नव्हता, मीच लावत होतो.

गोंधळ ऐकून केंद्राचे मोठे सर आले. मला ऑफिसात नेऊन बसवलं.

"गणित येतं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग तिला काय सांगत होता?"

"सांगत कुठं होतो? ऐकत होतो."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मोठे सर म्हणाले, "यात खूण आहे का नाही ते बघू. मी बोलतो, तुम्ही द्या. आज सकाळी मी घरून निघालो."

"हूं."

"गाडी पंक्चर होती."

"हूं."

"बायकोला म्हणालो, उशीर होतोय. ती बोलली नाही. ती दिवाळीपासून बोलत नाही."

"हूं."

मग त्यांचं सुरू झालं. पुण्यातला मुलगा फोन उचलत नाही, गुडघा दुखतो, नव्या घराचं तोंड नको त्या दिशेला झालं. मी श्वास बघून हूं देत होतो. पथकाचा साहेब आधी दारात उभा होता. मग त्यानं खुर्ची ओढली. सर थांबले तसा म्हणाला, "आता माझं बी ऐका बाबा." शिपायानं चहा आणला आणि तोही दाराशी टेकून नंबर लावून उभा राहिला. पेपर संपल्याची घंटा झाली तेव्हा साहेब सासऱ्याच्या जमिनीपर्यंत आला होता. नातीचा पेपर काढून घ्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

नात बाहेर आली ती माझ्यावरच डाफरली. "मधीच कावून बंद झालात?"

"तुला ऐकू येत होतं?"

"सगळ्या वर्गाला येत होतं. मागची पोरगी म्हणली, त्या म्हशीला कुणी तरी पाणी दाखवा."

"मग पुढं?"

"पुढं मीच दिला. मनात."

निकाल लिंबाखाली मोबाईलवर आला. पेपर निघाला. घरी मुलानं मोबाईल हातात घेऊन स्वतः पाहिला.

"स्थळाचं काय?" मी विचारलं.

"कळवतो त्यांना. न्हाई म्हणून," तो म्हणाला, आणि शेळ्या बांधायला गेला.

आता नातच मास्तर झाली आहे. लिंबाखाली पाटी टेकवून आपल्या भाषेत गणित सांगते, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ धरते आणि सगळ्यांसाठी टाकते. फुकट. तिला तसंच मिळालं होतं. हूं माझा असतो. मधे शेळ्या ओरडतात ते ती काढत नाही.

परवा कुणी तरी खाली लिहिलं, ताई, शिकवणं छान आहे, पण एका जागी आजोबांचा हूं आलाच नाही, मला पुढचं समजलं नाही. नातीनं वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघितलं.

खरं होतं त्याचं. तिथं मला डुलकी लागली होती. म्हातारीचं असं कधी झालं नाही.